संचालकांचा वर्ण आणि साहेबांचा पगार

१७ एप्रिल २०१२ रोजी सिटीग्रुपच्या भागधारकांनी आपल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा पगार नामंजूर केला. सुमारे ५५ टक्के मते विरोधात पडली. ज्यांचा पगार नाकारला गेला ते विक्रम पंडित जन्माने नागपूरचे, मराठी घरातले, सोळाव्या वर्षी शिकायला अमेरिकेत गेलेले. बँक पुन्हा नफ्यात येईपर्यंत वर्षाला एकच डॉलर घेईन, असे त्यांनी २००९ मध्ये ऐन संकटात जाहीर केले होते आणि तो शब्द पाळलाही होता. पुढे २०११ या वर्षासाठी संचालक मंडळाने त्यांना सुमारे दीड कोटी डॉलर देऊ केले. त्याच वर्षी बँकेचा शेअर ४० टक्क्यांहून अधिक घसरला होता. ही रक्कम मान्य करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष होते रिचर्ड पार्सन्स, अमेरिकी उद्योगजगतातल्या सर्वांत नामवंत कृष्णवर्णीय व्यक्तींपैकी एक. मेक्सिकोचे माजी राष्ट्राध्यक्ष अर्नेस्टो झेदिलो हेही त्या मंडळावर होते. मंडळात एकाच साच्यातले गोरे पुरुष भरलेत म्हणून पगार फुगतात, असे मानणाऱ्यांची या घटनेने अडचण होते. रंग बदलला, माणसे बदलली, तरी पगाराच्या आकड्याला लगाम बसला तो बाहेरून, भागधारकांच्या हातून. तेही मत सल्लावजा होते, बंधनकारक नव्हते.

एका घटनेवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण मंडळावर वेगवेगळ्या वंशांची माणसे आली तर वरिष्ठांच्या पगारावर काय परिणाम होतो, हा प्रश्न गेली तीसेक वर्षे अर्थशास्त्रज्ञ आणि व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक चघळत आहेत. त्यावर अमेरिकेत नियम झाले आणि रद्दही झाले, ब्रिटनमध्ये समित्या बसल्या, दक्षिण आफ्रिकेत कायदे झाले. आपल्याकडे मात्र हा प्रश्न नीट विचारलाही गेलेला नाही.

आधी पगाराबद्दल. मोठ्या कंपनीत साहेबाचा पगार कायद्याच्या भाषेत संचालक मंडळ ठरवते. व्यवहारात मंडळाची वेतन समिती ठरवते आणि तिला आकडे पुरवतात सल्लागार कंपन्या. सल्लागार तशाच इतर कंपन्यांची यादी करतात, त्यांच्या प्रमुखांचे पगार मांडतात आणि आपला माणूस त्या यादीच्या मधोमध किंवा थोडा वर बसवतात. प्रत्येक कंपनी आपल्या माणसाला सरासरीपेक्षा वर बसवू लागली की सरासरीच दर वर्षी वर चढते. अमेरिकेतल्या इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या हिशेबानुसार तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखाची कमाई १९६५ मध्ये सामान्य कामगाराच्या सुमारे २१ पट होती. २०२३ मध्ये ती सुमारे २९० पट झाली.

ही वाढ कशामुळे, यावर दोन तट आहेत. झेव्हियर गॅबे आणि ऑगस्टीन लँडिए यांनी २००८ मध्ये मांडले की १९८० ते २००३ या काळात अमेरिकी कंपन्यांचे बाजारमूल्य सहा पट झाले आणि प्रमुखांचे पगारही सहा पट झाले. कंपनी जितकी मोठी तितकी हुशार प्रमुखाची किंमत जास्त. सगळा बाजाराचा हिशेब. हार्वर्डचे लुशियन बेबचुक आणि जेसी फ्राइड यांना हे पटत नाही. त्यांच्या २००४ च्या पुस्तकाचा रोख असा की पगाराची घासाघीस खऱ्या अर्थाने होतच नाही, कारण ज्या संचालकांनी साहेबाला आवरायचे त्यांच्या नेमणुकीत साहेबाचा शब्द चालतो. वर्षाकाठी लाखो डॉलर मानधन देणारी, मोजक्या बैठकांची, प्रतिष्ठेची खुर्ची कोण गमावील? मला दुसरी बाजू अधिक पटते, याचे कारण जॉन कोअर, रॉबर्ट होल्टहाउझन आणि डेव्हिड लार्कर यांचा १९९९ चा अभ्यास. जिथे मंडळ दुबळे तिथे प्रमुखाचा पगार जास्त, आणि तिथेच कंपनीची पुढची कामगिरी कमी, असे त्यांना आढळले. पगार निव्वळ गुणवत्तेची किंमत असता तर उलटे दिसले असते.

वैविध्याचा प्रश्न इथे शिरतो. मंडळ दुबळे कशाने होते? एक सरळ उत्तर असे की माणूस आपल्यासारख्या माणसाशी मवाळ वागतो. चार्ल्स ओरायली आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले की वेतन समितीतले बाहेरचे संचालक स्वतः जितके जास्त कमावतात, तितका ते प्रमुखाला जास्त पगार देतात; आपल्याला मिळते तेवढे त्यालाही मिळायला हवे, असा हा हिशेब. १९९५ मध्ये जेम्स वेस्टफाल आणि एडवर्ड झॅजॅक यांनी आणखी पुढे जाऊन पाहिले. प्रमुख बलवान असेल तर नवे संचालक वय, शिक्षण, कामाचे क्षेत्र या बाबतींत त्याच्यासारखे येतात. मंडळ बलवान असेल तर मंडळासारखे येतात. प्रमुखाशी मिळतेजुळते मंडळ झाले की त्याच्या पगाराचे करारही उदार होतात.

या मालिकेतला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ब्यूंग-ह्यून ह्वांग आणि सोयुंग किम यांचा २००९ चा अभ्यास. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांत, १९९६ ते २००५ या काळात, नियमांनुसार ‘स्वतंत्र’ ठरणारी ८७ टक्के मंडळे त्यांना आढळली. मग त्यांनी दुसरी चाळणी लावली: संचालक आणि प्रमुख एकाच महाविद्यालयातले आहेत का, दोघेही लष्करात होते का, एकाच प्रदेशातले आहेत का, समान ओळखीपाळखीतले आहेत का? ही चाळणी लावताच स्वतंत्र मंडळांचे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. आणि जिथे मंडळ कागदावर व सामाजिक नात्यांतही स्वतंत्र होते, तिथे प्रमुखाचा पगार कमी होता, कामगिरीशी अधिक बांधलेला होता आणि कामगिरी ढासळली तर त्याची खुर्ची जाण्याची शक्यताही अधिक होती. म्हणजे सामाजिक अंतराने फरक पडतो, हे बऱ्यापैकी पक्के झाले.

आता यात वंशाचा वेगळेपणा घाला. तर्क सोपा दिसतो: कृष्णवर्णीय, आशियाई किंवा लॅटिनो संचालक गोऱ्या प्रमुखाच्या क्लबातला नसतो, त्यामुळे तो कठोर राहील आणि पगार आवरेल. पण पॉल गेस्ट यांनी अमेरिकी कंपन्यांची माहिती घेऊन २०१९ मध्ये नेमके हे तपासले, तेव्हा तसे काही हाती लागले नाही. वांशिक अल्पसंख्याक संचालक असलेल्या मंडळांत प्रमुखाचा पगार, हिशेबातल्या गफलती, नापास प्रमुखाची उचलबांगडी, इतर कंपन्या विकत घेण्यातले शहाणपण यांपैकी कशावरही म्हणावा असा अनुकूल परिणाम दिसला नाही. स्त्री संचालकांबाबत चित्र थोडे वेगळे आहे. रेनी ॲडम्स आणि डॅनिएल फेरेरा यांना २००९ मध्ये स्त्रिया असलेली मंडळे देखरेखीत अधिक कडक आढळली होती. अर्थात तेवढ्याने कंपनीचा फायदा होतो असे त्यांना दिसले नाही.

सामाजिक अंतराने पगार आवरतो आणि वांशिक वैविध्याने आवरत नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे? याचे उत्तर मला नेमणुकीत दिसते. २०१४ मध्ये डेव्हिड झू आणि वेस्टफाल यांनी एक चलाख वाट उघडकीस आणली. प्रमुखापेक्षा वेगळा दिसणारा संचालक घ्यायची वेळ आली, की पूर्वी त्या प्रमुखासारख्याच दुसऱ्या प्रमुखांबरोबर काम केलेला माणूस शोधला जातो. दिसायला वेगळा, वागायला ओळखीचा. अशा नेमणुकीनंतर प्रमुखाचा पगार त्याच्या सोयीनेच ठरतो. मंडळाचा फोटो बदलतो, पण पगाराचा कागद तसाच राहतो.

याला दुसरीही बाजू आहे, आणि ती अल्पसंख्याक संचालकांना दोष देण्यापासून आपल्याला थांबवते. वेस्टफाल आणि इथाई स्टर्न यांनी २००७ मध्ये दाखवले की प्रमुखाची आणि सहकाऱ्यांची खुशामत केल्याने पुढच्या मंडळांची दारे उघडतात. पण तीच खुशामत स्त्रियांनी आणि वांशिक अल्पसंख्याकांनी केली तर फळ कमी मिळते. नव्याने मंडळावर आलेल्या या संचालकांना तिथले अलिखित रीतिरिवाज सांगायला जुने सदस्य फारसे पुढे येत नाहीत, हे मायकेल मॅकडोनाल्ड आणि वेस्टफाल यांनी २०१३ मध्ये नोंदवले. ज्याला आत कोणी वाली नाही, त्याने पहिल्याच बैठकीत साहेबाच्या पगाराला विरोध करावा, ही अपेक्षाच जरा निर्दय आहे.

याला अपवाद आहेत, आणि तेही बोलके आहेत. फिलाडेल्फियाचे धर्मोपदेशक लिऑन सलिव्हन १९७१ मध्ये जनरल मोटर्सच्या मंडळावर आले. त्याच्या आदल्या वर्षी कार्यकर्त्यांनी कंपनीविरुद्ध मोठी मोहीम चालवली होती. मंडळावर कृष्णवर्णीय माणूस हवा अशी मागणी बाहेरून धडकत होती. सलिव्हन यांनी १९७१ च्याच सभेत कंपनीने दक्षिण आफ्रिका सोडावी, अशी भूमिका उघडपणे आपल्या मंडळाविरुद्ध घेतली. ज्याची खुर्ची बाहेरच्या दबावातून आली, त्याच्या अंगावर प्रमुखाचे उपकार नव्हते. पगाराच्या बाबतीत असा माणूस काय करील, याचा अंदाज वाचकाने करावा.

वैविध्याने कंपनी श्रीमंत होते, या लोकप्रिय दाव्यावर मी फार वेळ घालवणार नाही. डेव्हिड कार्टर आणि सहकाऱ्यांना २००३ मध्ये तसा संबंध दिसला. त्याच कार्टर यांना २०१० मध्ये केलेल्या अभ्यासात तो दिसला नाही. मॅकिन्झी २०१५ पासून दर दोन-तीन वर्षांनी अहवाल काढते. वांशिक वैविध्यात वरच्या पाव भागातल्या कंपन्या नफ्यात पुढे असण्याची शक्यता ३५ टक्के, ३३ टक्के, ३६ टक्के, ३९ टक्के जास्त, असे तिचे आकडे. जेरेमाया ग्रीन आणि जॉन हँड यांनी अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांवर तोच हिशेब पुन्हा करून पाहिला; २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात तो जुळला नाही. सल्लागार कंपनीच्या या आकड्यांवर जगभर भाषणे झाली, नियम झाले. ज्या गोष्टीचा पाया न्यायाचा असायला हवा, तिला नफ्याच्या टेकूवर उभे केले की टेकू सरकताच ती कोसळते. अमेरिकेत पुढे नेमके तेच झाले.

कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा केला की राज्यात मुख्यालय असलेल्या नोंदणीकृत कंपनीच्या मंडळावर उपेक्षित समूहातला किमान एक संचालक हवा. एप्रिल २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. नॅस्डॅक शेअर बाजाराने डिसेंबर २०२० मध्ये नियम सुचवला: मंडळावर वैविध्य आणणारे दोन संचालक ठेवा, नाहीतर का नाहीत ते सांगा. शेअर बाजार नियामकाने ऑगस्ट २०२१ मध्ये त्याला संमती दिली. ११ डिसेंबर २०२४ रोजी पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने ९ विरुद्ध ८ मतांनी तो रद्द केला. २०२० मध्ये दावोसला, मंडळावर वैविध्य नसलेल्या कंपनीचे शेअर आम्ही बाजारात आणणार नाही, असे ऐटीत सांगणाऱ्या गोल्डमन सॅक्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती अट गुंडाळली. मतदानाचा सल्ला देणाऱ्या आयएसएस या संस्थेनेही त्याच महिन्यात अमेरिकी संचालकांबाबत वंश आणि लिंग विचारात घेणे थांबवले. पाच वर्षांत गाडी जिथून निघाली होती तिथे परत आली.

याच काळात पगार आणि वैविध्य यांची एक उलटी गाठही बांधली गेली. मंडळावरच्या वैविध्याने पगार आवरायच्या ऐवजी, कर्मचाऱ्यांत वैविध्य आणले म्हणून साहेबाला बोनस. मॅकडोनल्ड्सने २०२१ मध्ये वरिष्ठांचा काही बोनस अशा उद्दिष्टांशी जोडला. बेबचुक आणि रोबेर्टो तल्लारिता यांनी अमेरिकेतल्या शंभर बड्या कंपन्यांचे करार तपासले तेव्हा निम्म्याहून थोड्या अधिक कंपन्यांत पर्यावरण-समाजविषयक निकष होते. पण त्यांचे वजन बहुतेक ठिकाणी किरकोळ, आणि बाहेरच्या माणसाला पडताळून पाहता येईल असे त्यांत फारच थोडे. साहेबाने स्वतःच गुण द्यायचे आणि स्वतःच बोनस घ्यायचा, असाच हा प्रकार. वैविध्याची बाजू घेणाऱ्यांनी यावर तेव्हाच टीका करायला हवी होती. फारशी झाली नाही.

ब्रिटनची वाट संथ, पण टिकाऊ निघाली. सर जॉन पार्कर यांच्या समितीने २०१६-१७ मध्ये दाखवले की लंडनच्या शंभर सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी निम्म्याहून अधिक कंपन्यांच्या मंडळावर एकही अश्वेत संचालक नाही. शिवाय जे थोडे होते त्यांतले बरेच परदेशी नागरिक. ब्रिटिश नागरिक असलेले अश्वेत संचालक एकूण संचालकांच्या सुमारे दीड टक्काच. ब्रिटनमध्ये वाढलेल्या आशियाई मुलीला वर चढता येत नव्हते, पण जोहान्सबर्ग किंवा मुंबईहून आलेल्या श्रीमंताला खुर्ची मिळत होती. समितीने दंड सुचवला नाही, फक्त २०२१ पर्यंत प्रत्येकी एक असे उद्दिष्ट ठेवले. २०२४ अखेर शंभरपैकी ९५ कंपन्यांनी ते गाठले होते. पगाराचा प्रश्न ब्रिटनने वेगळ्या हाताने हाताळला: २००२ पासून भागधारकांचे सल्लावजा मत, २०१३ पासून वेतन धोरणावर दर तीन वर्षांनी बंधनकारक मत. ही दोन कामे वेगवेगळी ठेवली, हे मला शहाणपणाचे वाटते.

दक्षिण आफ्रिकेत प्रश्नाचे स्वरूपच निराळे, कारण तिथे बहुसंख्यच वंचित. १९९८ च्या रोजगार समता कायद्यात वंशाबरोबरच पगारातली अवाजवी तफावत कमी करण्याचीही तरतूद आहे. कृष्णवर्णीय सक्षमीकरणाचे गुण मिळवण्यासाठी नावापुरते संचालक बसवण्याची लाट मात्र आली, इतकी की २०१३ च्या दुरुस्तीने तो गुन्हा ठरवावा लागला. मलेशियात तर यासाठी बोलीभाषेत नावच आहे: ‘अली-बाबा’. परवाना मलय अलीच्या नावावर, धंदा चिनी बाबाच्या हातात.

वांशिक अल्पसंख्याक व्यक्ती स्वतः प्रमुख झाली तर? परदेशी कंपनीच्या शिखरावर भारतीय माणूस पोचला की आपल्याकडची वर्तमानपत्रे पहिले पान देतात. सुंदर पिचाई यांचे २०२२ चे वेतन सुमारे २२.६ कोटी डॉलर होते, बहुतेक शेअरच्या रूपात. जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या कंपनीने १२,००० जणांना काढले. वर पोचलेल्या अल्पसंख्याकाला कमी पगार मिळतो असे दिसत नाही. अडचण वेगळी आहे. ॲलिसन कुक आणि क्रिस्टी ग्लास यांना २०१४ मध्ये आढळले की स्त्रियांना आणि वांशिक अल्पसंख्याकांना प्रमुखपद बहुधा डळमळीत कंपन्यांत मिळते, आणि घसरण सुरू राहिली की त्यांच्या जागी पुन्हा गोरा पुरुष आणला जातो. मेरिल लिंचचे कृष्णवर्णीय प्रमुख स्टॅनली ओनील २००७ मध्ये प्रचंड तोट्यानंतर गेले. जाताना त्यांच्या पदरात सुमारे १६ कोटी १० लाख डॉलर पडले. घालवण्याची किंमतही मंडळच ठरवते.

आता आपल्या घराकडे. भारतीय मंडळांत वंशाचा प्रश्न जातीच्या रूपात येतो. डी. अजित, हान डोंकर आणि रवी सक्सेना यांनी २०१२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त देशातल्या पहिल्या हजार कंपन्यांची मंडळे मांडली. सुमारे ९३ टक्के संचालक उच्चवर्णीय. एकूण संचालकांत जवळपास ४६ टक्के वैश्य आणि ४४ टक्क्यांच्या वर ब्राह्मण. इतर मागासवर्गीय ३.८ टक्के, अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. ही मोजणी आडनावांवरून करावी लागली, कारण जातीची नोंद कंपन्या ठेवत नाहीत आणि नियामक मागत नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याने एक स्त्री संचालक सक्तीची केली. सेबीने पुढे मोठ्या कंपन्यांसाठी ती स्वतंत्र असावी असेही म्हटले. पहिल्या काही वर्षांत अनेक ठिकाणी प्रवर्तकांच्या पत्नी आणि मुली मंडळावर आल्या होत्या, हे त्याचे कारण. जातीबद्दल कायदा गप्प आहे. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचे चेंबर, ‘डिक्की’, उभे केले. पण ती वाट स्वतःची कंपनी काढण्याची आहे. दुसऱ्याच्या मंडळावर बसण्याची वाट तिथून निघत नाही.

पगारावर आपल्याकडे बंधने आहेत. कंपनी कायद्याच्या कलम १९७ नुसार सर्व संचालकांचे मिळून वेतन निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांत, एका व्यवस्थापकीय संचालकाचे ५ टक्क्यांत. या ५ टक्क्यांवर जायचे तर विशेष ठराव, म्हणजे तीन-चतुर्थांश मतांची मंजुरी. प्रत्येक संचालकाचे वेतन मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, हे वार्षिक अहवालात छापावे लागते. प्रवर्तक कुटुंबातल्या कार्यकारी संचालकाला ५ कोटी रुपये किंवा नफ्याच्या अडीच टक्के यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्यापेक्षा जास्त द्यायचे तर सेबीचा नियम विशेष ठराव मागतो. म्हणूनच ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या सिद्धार्थ लाल यांच्या वाढीव वेतनासह फेरनेमणुकीचा ठराव सुमारे २७ टक्के विरोधी मतांनी पडू शकला. २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या तीन वरिष्ठांच्या वेतनाचे ठरावही भागधारकांनी असेच फेटाळले होते.

पण ठराव पडतात ते अपवाद. कलम १७८ नुसार संचालक सुचवणारी आणि पगार ठरवणारी समिती एकच असते: नामनिर्देशन आणि वेतन समिती. न्यूयॉर्क शेअर बाजार या दोन समित्या वेगळ्या मागतो. आपण दोन्ही किल्ल्या एकाच खिशात ठेवल्या आहेत, आणि तो खिसा बहुतेक कंपन्यांत प्रवर्तकाच्या आवाक्यात असतो. उद्या सेबीने प्रत्येक मंडळावर एक दलित किंवा आदिवासी संचालक सक्तीचा केला, तर मी त्याचे स्वागतच करीन. बंद दार उघडण्यासाठी न्यायाचे कारण पुरेसे आहे. पण नेमणूक याच समितीकडून आणि प्रवर्तकाच्या मतांनी होणार असेल, तर त्यातून पगार आवरेल अशी आशा कोणी धरू नये. स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीत प्रवर्तकाची मते वगळून बाकीच्या भागधारकांचे बहुमत मागणे, हा दोन्ही प्रश्नांना लागू पडणारा उपाय आहे आणि त्याला जातीची मोजणी होईपर्यंत थांबायचे कारण नाही.

डीमॅट खाते असलेल्या प्रत्येकाकडे उन्हाळा संपला की ई-मतदानाचे ईमेल येतात आणि बहुतेक जण ते न उघडता पुसतात. या वेळी एक उघडा. वेतनाच्या ठरावाकडे नंतर पाहा. आधी स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीचा ठराव काढा, त्याच्याखालची माहिती वाचा, तो माणूस याआधी कोणकोणत्या प्रवर्तकांच्या मंडळावर होता ते पाहा, आणि मग मत द्या.